मजीदभाईंच्या गाडीचं पांघरूण

आमच्या वाडीत कुणी गाडी घेतली की ती आधी वाडीची होते, मग घेणाऱ्याची. २००६च्या शिमग्यानंतर मजीदभाईंनी बुटकी, चार चाकांची पिकअप दारात आणून लावली, तेव्हा तिच्या हौद्यावर काय झाकायचं यावर जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नावरही झाली नव्हती. आणि माझं लग्न तेव्हा जमत नव्हतं, म्हणजे चर्चेला वाव भरपूर होता.

मजीदभाई आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक दगडी गडगा, तोही पोरांनी आणि कोंबड्यांनी ये-जा करून खाली बसवलेला. माणूस उंच, सावळा, बोलायला अगदी कंजूष. दहावीत गाडी अडकली म्हणून खऱ्या गाडीवर बसले आणि पुढे जेद्दाला गेले. तिथे एका बेकरीची गाडी चालवली, तीही वर्षानुवर्षं. लग्नाला आले ते रजेवर, मुलगी झाली तेव्हा आले तेही रजेवर. मुलीचं नाव महरीन. तिच्या लेखी अब्बा म्हणजे आमच्या घरच्या फोनमधून येणारा एक आवाज. तो आवाज अख्खा माणूस होऊन दारात आला की ती आपल्या आईच्या, खुर्शीदभाभींच्या, मागे लपायची, आणि लपणं सोडून जरा मांडीवर बसायला लागली की रजा संपायची.

या खेपेला ते ठरवून आले होते. आंब्याचा एक सीझन गाडी चालवून बघायची. जम बसला तर इथेच राहायचं, नाही बसला तर परत. पासपोर्ट रत्नागिरीतल्या एजंटाकडे देऊन ठेवलेला होता. हे खुर्शीदभाभींनी माझ्या आईला सांगितलं, आईने मला, आणि मी कुणालाही सांगितलं नाही, कारण मी सांगायच्या आत ते सगळ्यांना माहीत झालेलं होतं.

तर झाकण. वाडीतल्या एकाने सांगितलं, पत्र्याची बंद पेटी कर, कुलूप लाव, निर्धास्त झोप. माझे बाबा, म्हणजे राजाराम गुरुजी, निवृत्तीनंतर कातळात सुरुंग लावून खड्डे खणून कलमं वाढवलेले. ते उसळले.

"आंबा विकायचाय की भाजायचाय? पत्र्याच्या पेटीत घाल, कोल्हापूर येईपर्यंत मुरांबा होईल."

खुर्शीदभाभींचा भाऊ तन्वीर, मिरकरवाड्याला त्याची मासेमारीची बोट. तो म्हणाला निळं प्लास्टिक घे, स्वस्त पडतं. ते आंबा घाटातल्या वाऱ्यात फाटून माकडांचे कपडे होतील, असं बाबांचं मत पडलं. मजीदभाईंच्या मनात मात्र भलतंच होतं.

"तिकडे सौदीत गाडीला सपाट झाकण असतं," ते म्हणाले. "पेटीसारखं. दाबलं की खटकन बंद. दिसायला पण बरं."

"मजीदभाई, त्या झाकणाखाली पेट्यांचा एकच थर मावेल," मी म्हणाले. "बाकीचा आंबा काय मांडीवर घेऊन बसणार?"

माझ्या तोंडाला हाड नाही असं आई म्हणते ते उगाच नाही. मजीदभाई हसले, आणि झाकण तिथेच बारगळलं. शेवटी लोखंडी कमानी ठोकून त्यावर खाकी ताडपत्री ठरली, पुढून-मागून वारा जाईल अशी. नवी कोरी, पापडासारखी कडक ताडपत्री त्यांनी रत्नागिरीहून आणली आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या कामाला पुन्हा रत्नागिरीला गेले.

ते तिकडे गेले आणि इकडे खुर्शीदभाभींनी ताडपत्री अंगणात पसरली. भाभी तांडेलाची, म्हणजे मच्छीमार होडी चालवणाऱ्याची लेक. त्यांच्या माहेरी ज्याला पाण्यापासून वाचवायचं त्याला माशाचं तेल चोळतात. पावसाळ्याआधी होडीच्या फळीन् फळीला चोळतात. वळवाची सर आली तर नवऱ्याचा माल भिजू नये, त्याचा जम बसावा, त्याने राहावं, एवढंच त्या बाईच्या मनात. भावाकडून डबा मागवला आणि नारळाच्या सोडणाने सगळी ताडपत्री चोळून काढली. महरीन एका कोपऱ्यात पायांनी तेल पसरवत होती. मी गडग्यावरून बघितलं आणि म्हटलं, "भाभी, नवरीसारखी चमकतेय हो!" मजीदभाई आले, त्यांनी हात फिरवून बघितला आणि ते खूश झाले. पहिला माल आमचाच होता. पेंढ्यात बसवलेल्या पेट्या आईने हौद्यात चढून रचल्या, ताडपत्री बाबांनी आणि मजीदभाईंनी मिळून बांधली. संध्याकाळी गाडी निघाली. वास कुणाला आला नाही. आमच्याकडे माशाचा वास हा वास नसतोच, ती हवा असते.

घाटात एक ट्रक आडवा झाला आणि गाडी दुपार होईपर्यंत उन्हात उभी राहिली. वरून तेल तापत राहिलं, खाली पेंढा ते पीत राहिला. कोल्हापूरच्या बाजारात दलालाने फाळका उघडला, एक पेटी फोडली आणि दोन पावलं मागे सरला.

"पाव्हणं, आंबा आणलाय का सुकट?"

मजीदभाई पेटी घेऊन या गाळ्यातून त्या गाळ्यात फिरले. शेवटी एका रसवाल्याने मेहरबानी केल्यासारखा तो माल कवडीमोलाने उतरवून घेतला.

परत आले ते स्वतःच्या घरी गेले नाहीत. गाडी रस्त्यात सोडून थेट आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. घाटात गाडी अडकली, आंबा आधीच खराब होता, दलाल लबाड होता, माणूस काहीही सांगू शकला असता. बघायला कोण गेलं होतं?

"गुरुजी, तुमचा आंबा मी नासवला," ते म्हणाले. "ताडपत्रीला माशाचं तेल लावलं मी. अक्कल नाय मला."

गडग्यापलीकडून खुर्शीदभाभी आल्या. चप्पलसुद्धा नव्हती पायात.

"खोटं बोलतायत, गुरुजी. तेल मी लावलं. लावताना यांना ठाऊक पण नव्हतं."

"तू गप ऱ्हा."

"नाय ऱ्हाणार गप!"

बाबा झोपाळ्यावर बसले होते. बाबांचा आंबा म्हणजे बाबांचा जीव. आता आभाळ फाटणार म्हणून मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"मजीद, ताडपत्री बांधली कुणी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही नि मी."

"मग तेव्हा माझं नाक कुठं गेलं होतं? काशीला? उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांच्या चुका काढल्या आणि हातात धरलेली चूक मला दिसली नाही. तू एकटा कशाला मान खाली घालतोस?"

"मी तर हौद्यात चढून बसले होते," आतून आई म्हणाली.

एका चुकीला इतके मालक मी आजवर पाहिलेले नाहीत. मला हसू आलं. पण खुर्शीदभाभींना आलं नाही. वाडीतल्या बाकीच्या बागवाल्यांनी दुसरा टेम्पो ठरवला होता. तोंडावर कुणी बोललं नाही, पण मजीदभाईंकडे कुणी फिरकलंही नाही. त्यांनी आमच्याच घरून एजंटाला फोन केला, व्हिसा बघायला सांगितलं. भाभी आईजवळ बसून म्हणाल्या, "काकी, माझ्या हातानंच मी त्यांना विमानात बसवलं."  आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आमच्या आंब्याची दुसरी तोड जवळ आली होती. बाबांनी जाहीर केलं, माल मजीदच्याच गाडीतून जाईल. आई म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. बाबा म्हणाले, डोकं ठीक आहे, नाक बिघडलंय, आणि ते आपल्या सगळ्यांचंच बिघडलंय, तेव्हा नाक देशावरचं आणू.

देशावरचं नाक म्हणजे आमचे ग्रामसेवक हरिश्चंद्र. मंगळवेढ्याकडचे, गळ्यात माळ, मासळीबाजारावरून जाताना तोंडाला रुमाल बांधणारे. या रुमालापायी गावाने त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. आता बाबा त्यांना हाताला धरून घेऊन आले. ते रिकाम्या हौद्यात वाकले आणि डोळे पुसत बाहेर आले.

"गुरुजी, हितं बाजार भरतो काय मासळीचा?"

मग काय, मजीदभाईंनी हौदा रिठ्याने धुतला, राखेने घासला, लिंबं चोळली. दोऱ्या फेकून दिल्या. कमानी घासून घासून चकचकीत केल्या. दर वेळी हरिश्चंद्र येत, वाकत, मान हलवत. हौदा पास झाला तेव्हा नव्या झाकणाची परीक्षा सुरू झाली. निळं प्लास्टिक हुंगून ते म्हणाले, रॉकेल. दुकानातून आणलेला नव्या ताडपत्रीचा तुकडा हुंगून म्हणाले, मेण. गोणपाट हुंगलं आणि नाक उडवून म्हणाले, उंदीर.

आईचा संयम संपला. तिने दोरीवर वाळत घातलेली गोधडी ओढली आणि त्यांच्या हातात कोंबली.

"मग ही हुंगा!"

त्या बिचाऱ्यांनी खरंच हुंगली. परत एकदा हुंगली.

"ऊन," ते म्हणाले. "नुसतं ऊन."

आई आणि खुर्शीदभाभी त्याच दुपारी दाभण घेऊन बसल्या. आमच्या घरातल्या गोधड्या, आईची जुनी सुती लुगडी, भाभींच्या ओढण्या, सगळं धुऊन, सुकवून एकमेकांना जोडलं आणि कडेला बंद लावले. महरीन सुयांमध्ये दोरे ओवत होती. कमानींवर ती एकच मोठी गोधडी चढवली तेव्हा खाली कुठे कुठे लाल-हिरवी किनार लोंबत होती. वाटेत पाणी शिंपडत जायचं, म्हणजे आत गारवा राहील, अशी बाबांची अक्कल. पेट्या भरल्यावर हरिश्चंद्रांनी एकदा चहूबाजूंनी फेरी मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "जाऊ द्या."

नाक्यावर कुणीतरी ओरडलं, "मजीद, गाडी बाळंत झाली काय रे?"

"व्हय," मजीदभाई म्हणाले. "बारशाला ये." त्यांच्या तोंडून इतका मोठा विनोद आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

कोल्हापूरला त्यांनी दुसरा दलाल गाठला. त्याने पेंढ्यात हात घातला आणि काढलाच नाही. उन्हातून आलेला माल गार लागत होता. परत येताना मजीदभाईंनी गुळाची एक ढेप आणली आणि आधी हरिश्चंद्रांच्या दारात नेऊन ठेवली. त्यानंतर एकेक करून वाडीतले आंबे त्या गोधडीखाली आले. तेलाची ताडपत्री तन्वीरने बोटीवर घातली आणि असली मजबूत ताडपत्री बाजारात मिळत नाही म्हणून सगळ्यांना सांगत सुटला.

लोक हे सांगताना बाबांचं मोठेपण सांगतात. ते मला मान्य आहे, पण अर्धंच. चूक झाल्यावर स्वतःच्या घरी जायच्या आधी जो माणूस आपल्या अंगणात येऊन उभा राहतो, तो शेजारी म्हणून मिळणं हे आमचं नशीब. पुढे माझं लग्न जमलं, संगमेश्वरला, तेव्हा माझी कपाटं आणि भांडी त्याच गाडीतून, त्याच गोधडीखाली गेली. उतारावर मजीदभाई गाडी इतकी हळू चालवत होते की वऱ्हाड आमच्या आधी पोचलं. तेव्हा मी चिडले होते. आज आठवलं की ऊर भरून येतो.

पण हे नंतरचं. त्या वर्षीचा आंबा संपला, जून लागला आणि एजंटाचा फोन आला. व्हिसा तयार होता. मी गडग्यावरून हाक मारली. मजीदभाई आले, मागून खुर्शीदभाभी, त्यांच्या मागे महरीन. सीझन बरा गेला होता, पण पुढे पावसाचे चार महिने होते, आणि पुढच्या वर्षी लोक गाडीला माल देतील की नाही याचा काय भरवसा? मजीदभाई रिसीव्हर कानाला लावून नुसते उभे होते. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता, ते मला दारापर्यंत ऐकू येत होतं.

माझे बाबा मोहोर दिसल्याशिवाय पुढच्या आंब्याचा शब्दसुद्धा उच्चारत नाहीत. निसर्गाला गृहीत धरू नये, असं ते सगळ्या बागवाल्यांना बजावतात. ते झोपाळ्यावरून उठले आणि म्हणाले, "मजीद, पुढच्या साली पहिली तोड तुझ्या गाडीत."

मजीदभाईंनी बाबांकडे बघितलं.

"नाय," ते फोनमध्ये म्हणाले. "नको. मी नाय येत. परवा येऊन पासपोर्ट घेऊन जातो."

रिसीव्हर ठेवला आणि बाबांचे दोन्ही हात धरले. "गुरुजी, तुमचे उपकार मी कसे..."

"उपकार बिपकार काय नाय," बाबा खेकसले. "तू असलास तर बरं वाटतं आम्हाला."

पायरीवर बसलेल्या खुर्शीदभाभी ओक्साबोक्शी रडायला लागल्या. आणि महरीन, जिला फोन झाल्यावर आई रडली म्हणजे अब्बा चालले एवढंच ठाऊक होतं, ती धावत आली आणि तिने मजीदभाईंच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी घातली.

"नाय गो जात," ते खाली बसत म्हणाले. "नाय जात."

तिने मिठी सोडली नाही. तिला तसंच पायाशी घेऊन, एक एक पाऊल टाकत, मजीदभाई गडगा ओलांडून घरी गेले.