खडूची फुली

कराटेच्या हॉलमध्ये सर फरशीवर खडूने एक फुली काढतात. काता, म्हणजे समोर कुणी नसताना एकटीने लढायची लढाई, त्या फुलीवरून सुरू होतो. यंदा ब्लॅक बेल्टसाठी ज्याने त्याने स्वतःचा काता बसवायचा होता. मी माझा स्वयंपाकघरात बसवला, नवरा कामावर गेला की, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. त्यात मी एकेक वार अडवत पुढे सरकत होते आणि शेवटची लाथ थेट हॉलच्या दाराशी, चपलांजवळ पडत होती.

सर म्हणाले, "मॅडम, छान. पण काता जिथून सुरू होतो तिथेच संपतो. परत फुलीवर या."

बॅग घेऊन माहेरी गेले होते तेव्हा आईही हेच म्हणाली होती. "झालं ते झालं. जा आता परत." आवाजसुद्धा चढवला नव्हता तिने. चहा दिला होता.

म्हणे स्वतःचा काता! हात आपले, पाय आपले, शेवट मात्र दुसऱ्यांनी आधीच ठरवलेला. मी निमूट वळले, फुलीवर आले, वाकून नमस्कार केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लढत कुणाशी होते, ते कुणीच विचारलं नाही.