काळं फासलेलं कव्हर

देश सोडून जाणाऱ्यांचं घरसामान विकत घ्यायचं, हा सौदीतल्या अल-खोबरमधला आमचा धंदा. भाव मी करायचो, माल चढवायचा मोठा भाऊ. दुकान त्याच्या नावावर, गिऱ्हाइकं माझ्या जिभेवर.

त्या उन्हाळ्यात एक गोरा इंजिनियर कायमचा परत चालला होता. बायको वारलेली, रियाधमधल्या मुलाशी बोलणं बंद. त्याचं सगळं घर मी निम्म्या भावात मागितलं, तर तो लगेच हो म्हणाला. मग एक रेकॉर्ड पुढे केली.

"ही विकायची नाही. मुलगा घ्यायला येईल. त्याच्या लहानपणी आम्ही दोघं ऐकायचो."

कव्हरवरची माणसं सौदी कस्टमवाल्याने मार्करने काळी केली होती; नुसते बूट उरले होते. पंकच्या अगदी सुरुवातीच्या एका बँडचा हा पहिला अल्बम. त्यांचा गायक शवपेटीतून स्टेजवर यायचा आणि अंगावर कसायाकडचं रक्त ओतून घ्यायचा. लोक पळायचे. "मी पळालो नव्हतो," इंजिनियर म्हणाला. त्याने ती लावली. मला गोदामाचे पत्रे कोसळल्यासारखं वाटलं. पण मुलाच्या हाती नीट देईन असा मी शब्द दिला आणि रेकॉर्ड भावाच्या हातात दिली.

काचसामान सगळ्यात वर ठेवायचं, त्यावर काही ठेवायचं नाही, हा आमचा नियम. भावाने त्याच नियमाने रेकॉर्ड जपली. पिकअपमध्ये पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डवर, सपाट, एकटी. आणि आम्ही दुपारच्या नमाजाला नि जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर उन्हाने तिचा तळलेला पापड झालेला.

मुलगा आला. त्याच्या बापाच्याच प्लेअरवर आम्ही ती लावली. सुई वर-खाली होत होती, गाणारा बुडत्या माणसासारखा ओरडत होता. मुलगा शेवटपर्यंत उभा राहिला.

"हे कुणी केलं?"

"स्मॉल ब्रदर," भाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "ऑलवेज हरी."

माझं डोकं तापलं. पण गिऱ्हाइकासमोर थोरल्याला खोटं पाडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी रेकॉर्ड कव्हरमध्ये घालून त्याच्यापुढे धरली.

"डॅड म्हणाले होते, हा माणूस भाव पाडतो, पण शब्दाचा पक्का आहे," मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला आणि रेकॉर्ड घेऊन गेला.

"भाई, माझं नाव का घेतलंस?"

"शब्द तू दिला होतास ना? मग? आणि ते सैतानाचं गाणं, गेलं ते बरं झालं."

काही आठवड्यांनी इंजिनियरचा फोन आला. मुलगा येऊन गेला का, विचारत होता.

"आला होता. पूर्ण ऐकून गेला," मी म्हणालो.

"काही म्हणाला?"

म्हणजे मुलाने त्याला अजून फोन केला नव्हता. भाऊ समोर बसून चहा पीत होता.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."