मान वर बांधलेली घोडी

ती घोडी माझ्या चुकीमुळे मेली. आणि चुकीहून वाईट म्हणजे, तिच्या मरणाचा ठपका मी तिला वाढवणाऱ्या बाईवर बसू दिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी कुठे ना कुठे स्वतःला वाचवायला बघतो, हे मला माहीत आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझं घर सौसरला आणि नोकरी पांढुर्ण्यात, जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरची. आठवडाभर पांढुर्ण्यात खोली करून राहायचो, शनिवारी बसने घरी जायचो. दवाखान्यात डॉक्टर एकच. ते दौऱ्यावर गेले की लोक मलाच डॉक्टर म्हणत, आणि मी कोणाला दुरुस्त करत नसे.

स्टेशनजवळच्या टांगा स्टँडवर एक टांगेवाला होता, साधारण माझ्याच वयाचा. त्याची घोडी तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. मोहगावकडून शिंगरू असतानाच आणलेली. टांगेवाला दिवसभर स्टँडवर, म्हणून तिला वाढवलं त्याच्या बायकोने. दाणापाणी, खरारा, सगळं तीच करायची. घोडी तिच्या बांगड्यांच्या आवाजावर मान फिरवायची, असं तो कौतुकाने सांगे.

त्या हिवाळ्यात घोडीला सर्दी झाली. ती छातीत उतरली. डॉक्टरांनी दोन दिवस इंजेक्शनं दिली, ताप उतरला, पण छाती घरघरतच होती. कान लावला की आत हुक्का ओढल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरांना पाच दिवसांसाठी जबलपूरला जायचं होतं. जाताना मला म्हणाले, "सुई चालू ठेव. निलगिरीच्या तेलाची वाफ दे. टांगा बंद. आणि चारा उंचावर नाही, जमिनीवर टाकायला सांग. मान खाली राहिली पाहिजे."

शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. चारा कुठे टाकायचा, हे काय डॉक्टरने सांगायचं झालं, असं वाटलं.

माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आदल्या वर्षी वडील छातीच्या दुखण्याने नागपूरच्या एका दवाखान्यात होते. तिथे एक बाई रोज सकाळी येऊन त्यांच्या पाठीवर हातात धरायचं विजेचं थरथरतं मशीन फिरवत. थोड्या वेळाने वडिलांना खोकला येई आणि भांडंभर कफ पडे. तसलंच मशीन टांगा स्टँडसमोरच्या कटिंगच्या दुकानात होतं. दाढी झाल्यावर डोक्याला, मानेला मालिश करायचं, हाताच्या पाठीवर स्प्रिंगच्या पट्ट्यांनी बसवायचं. मी स्वतः कितीदा तिथे डोकं चोळून घेतलं होतं. माणसाचा कफ सुटतो तर घोडीचा का नाही?

कटिंगवाल्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "साहेब, गिऱ्हाईक काय म्हणन? घोडीच्या अंगाचं मशीन माह्या डोक्याले लावून राहिला म्हणन!"

"पुसून देतो ना बाप्पा. स्पिरिटनं पुसतो."

"मंग ठीक. पण घोडीनं लाथ मारली तं मशीन तुमचं."

दुकानातून वायर काढून रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाच्या झाडापर्यंत आणली. टांगेवाल्याने घोडीला नुसतं दाव्याने धरलं होतं. थकलेली होती ती, मान गुडघ्यापर्यंत लोंबत होती. मी पुढच्या पायाच्या मागे, बरगड्यांवर मशीन चढवलेला हात ठेवला आणि कटिंगवाल्याला बटण दाबायला सांगितलं. ती एकदा शहारली, मग उभी राहिली. खालून वर, मागून पुढे, मी हात हळूहळू फिरवत गेलो. दहाएक मिनिटांनी ती फुरफुरली, खोकली, आणि तिच्या नाकातून पिवळा, चिकट कफ तारेसारखा जमिनीपर्यंत लोंबला. पुन्हा खोकली, पुन्हा पडला.

स्टँडवरचे टांगेवाले जमले होतेच. एकाने शिट्टी मारली. "आता तिची दाढी बी करून द्या, साहेब!"

दुसरा म्हणाला, "मले बी लावा ना, म्याबी चार दिसांपासून खोकलून राहिलो."

"तुले नाही, तू लाथा मारतं," पहिला म्हणाला.

टांगेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने घोडीच्या छातीला कान लावून घरघर कमी झाल्याची खात्री केली, मग माझ्याकडे पाहिलं. "कंपाउंडर साहेब, तुम्ही तं डॉक्टरच्या वरते निंगाले."

हे वाक्य मला फार आवडलं. रात्रभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं जमली. घोडीला थोडं बरं वाटत होतं, म्हणून ती आता एका जागी उभी राहायला तयार नव्हती. मशीनचा आवाज आला की मान खाली घालून ती बाजूला सरके, आणि वायर दुकानातल्या प्लगमधून निघून येई. दोनदा निघाली. लोक हसले. कटिंगवाला आतून ओरडला, "माह्यं मशीन फुटन, साहेब!" आदल्या दिवशी वाहवा करणारे आज हसत होते, हे मला सहन झालं नाही.

मी टांगेवाल्याला म्हटलं, "हिची मान वर बांधा. फांदीले."

नाळीने औषध पाजताना आमच्याकडे असंच बांधतात. नाळ म्हणजे तिरपी कापलेली बांबूची नळी. मान वर बांधली की जनावर हलत नाही. त्याने दावं निंबाच्या फांदीवरून टाकलं आणि घोडीचं तोंड आभाळाकडे गेलं.

तेवढ्यात त्याची बायको गवताचा भारा घेऊन आली. तिने भारा टाकला आणि सरळ मला म्हणाली, "साहेब, मान सोडा तिची. कफ कुठून निंगन? तिले वाकू द्या, तिचं तिले समजते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "डॉक्टर कोण हाय वहिनी, तुम्ही का मी?"

दोघंही नव्हतो. पण लोक हसले, आणि या वेळी तिच्यावर हसले. नवरा तिला म्हणाला, "तू जाय ना घरी. साहेबाले काम करू दे." ती गेली.

त्या दिवशी अर्धा तास मी मशीन फिरवलं. दोन्ही बाजूंनी. घोडी खोकायला बघे, पण ताणलेल्या मानेने तिला धड खोकता येईना. जमिनीवर काहीच पडलं नाही. मी सांगितलं, कफ संपत आला. तिसऱ्या दिवशीही तसंच केलं.

खरं तर नागपूरला मी रोज पाहत होतो. त्या बाई मशीन लावण्याआधी वडिलांना पालथं झोपवत, पोटाखाली दोन उशा देत, डोकं खाटेच्या कडेवरून खाली सोडायला लावत. वडील कुरकुर करायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, "बाबा, सुटलेला कफ बाहेर यायला उतार नको का?" हे सगळं माझ्यासमोर घडलं होतं आणि माझ्या लक्षात फक्त मशीन राहिलं. घोडीच्या छातीतलं मी हलवून मोकळं केलं आणि मान वर बांधून ते परत आत, आणखी खोल लोटलं.

चौथ्या दिवशी तिने गवताला तोंड लावलं नाही. ताप पुन्हा चढला. नाकपुड्या फुलल्या होत्या, श्वासाला घाण वास येत होता. तो वास आला तेव्हाच मला कळलं. नेमकं काय झालं ते नाही, पण कोणामुळे झालं ते कळलं.

पाचव्या दिवशी डॉक्टर परतले आणि बॅग न ठेवता थेट टांगेवाल्याच्या घरी आले. मी सोबत होतो. बराच वेळ त्यांनी घोडीच्या दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मग विचारलं, "छातीत काहीतरी गेलंय हिच्या. नाळीनं काही पाजलं का?"

टांगेवाला म्हणाला, "नाही साहेब. म्या तं नाही पाजलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मशीनबद्दल त्यांना अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. आणि बाहेर आलं ते हे, "घरी काढा पाजला असेल, सर. यांच्याकडे नाळ असतेच."

डॉक्टरांनी मान हलवली, कारण असं दर महिन्याला एखादं जनावर यायचंच. टांगेवाल्याने घराच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "टांगा बंद असला तरी मी दिवसभर स्टँडवरच राहतो. घरी तीच असते." त्याची बायको तेव्हा नदीवर धुणं धुवायला गेली होती. नाहीतर तिने तिथल्या तिथे मला खोटं पाडलं असतं, आणि बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर त्याने मला गाठलं. "साहेब, काढा खरंच छातीत जाते का?"

"जाते," मी म्हणालो. "होते असं."

हे खोटं नव्हतं. काढा छातीत जातो. एवढ्याच आधारावर मी पुढची पाच वर्षं काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोडी गेली. मशीनची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर आली ती नंतर, स्टँडवरच्या गमतीच्या रूपात. ते हसले आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी फायदा झाला म्हणतात, चांगलं आहे." मान बांधल्याचं त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही. वर्षभरात त्यांची बदली झाली.

मी शनिवारी बस धरायला जाताना टांगा स्टँड टाळून मागच्या गल्लीने जायला लागलो. मालिश सोडाच, कटिंगही सौसरला करू लागलो. टांगेवाल्याने दुसरा घोडा घेतला, एवढं दुरून दिसायचं. बाकी काही विचारायची हिंमत झाली नाही. माझ्या मनावर फक्त घोडीचंच ओझं आहे, असं मी समजत होतो.

पाच वर्षांनी तो दवाखान्यात आला. घोड्याचं पोट दुखत होतं. नव्या डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, घरी काही पाजलं का. मी बाजूला सुई भरत होतो.

"नाही साहेब," तो म्हणाला. "आमच्या घरी तो धंदाच बंद केला म्या. बायकोले दावणीजवळ येऊ नाही देत. पाणी बी मीच पाजतो. एक घोडी मारली तिनं माही, काढा पाजून. कबूल मात्र नाही करत अजून." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्याईले माहीत हाय ना. ह्याईनंच तं सांगतलं होतं."

माझ्या हातून सुई पडली नाही, काही नाही. मी भरली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

त्यानंतरही आठ दिवस गेले. शनिवारी सौसरला घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने माझं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मंग मले काऊन सांगून राहिले? तिले सांगा ना."

मी रविवारीच परतलो.

टांगेवाल्याचं घर जाम नदीच्या बाजूला. अंगणाच्या एका टोकाला घोडा, तो त्याला खरारा करत होता. दुसऱ्या टोकाला त्याची बायको चुलीसाठी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, मोडत बसली होती. मधल्या अंगणात एक खाट होती.

"या साहेब. घोडा बेस हाय आता."

"घोड्यासाठी नाही आलो. वहिनींसोबत बोलायचं हाय. तुम्ही बी आयका."

तिने वर पाहिलं. मला ओळखलं, आणि पुन्हा पऱ्हाटी मोडायला लागली. मी खाटेवर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. मान बांधल्याचं, नागपूरच्या उशांचं, डॉक्टरांसमोर काय बोललो त्याचं. मध्येच टांगेवाला पुढे आला.

"म्हणजे काढा?"

"काढा कोणी पाजलाच नव्हता."

"तुम्ही तं म्हटलं होतं..."

"म्हटलं होतं. माह्यावर येऊ नाही म्हणून म्हटलं."

तो तसाच उभा राहिला. हातातल्या खराऱ्याचे दात दुसऱ्या हाताच्या बोटांनी साफ करत, जसं काही ते काम फार निकडीचं होतं.

त्याची बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्या म्हटलं होतं ना, मान सोडा?"

"म्हटलं होतं."

"आठवते तुमाले?"

"आठवते."

"मले वाटलं, मीच सपनात म्हटलं का काय." तिने पऱ्हाट्यांची मोळी बाजूला सरकवली. "पाच वर्षं साहेब, हा माणूस माह्या हातची भाकर खाऊन राहिला. ह्याले माह्या हातचं चालते. घोड्याले पाणी नाही चालत."

मी म्हणालो, "स्टँडवर बी सांगतो, वहिनी. सगळ्याइसमोर. कटिंगच्या दुकानासमोर उभा राहून सांगतो."

"स्टँडवाल्याइचं मले काय करायचं हाय?" ती पहिल्यांदा जोरात बोलली. "त्याईनं कधी माह्या हातातली बालटी हिसकली नाही. ज्यानं हिसकली, त्याले सांगा. आता सांगतलं तसं पुटपुटत नका सांगू. मोठ्यानं सांगा."

मी टांगेवाल्याकडे तोंड केलं. शेजारच्या अंगणात कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला. मी मोठ्याने म्हणालो, "तुमच्या घोडीले ह्याईनं काही पाजलं नाही. ती माह्यामुळे मेली. ह्याईनं मान सोडा म्हटलं, म्या आयकलं नाही, वरून नाव ह्याईचं घेतलं." मग तिच्याकडे वळून हात जोडले. "वहिनी, माह्यं चुकलं. तुमचं म्या लय वाईट केलं. मले माफ करा."