पाहुणे जेवत नाहीत

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. श्रीवर्धनला आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा फोन. "ताई, बाबा जेवत न्हाय," एवढंच त्या बोलल्या. मी बाहेर येऊन विचारलं, का? "कासव खात न्हाय ना, म्हनून बाबा पन न्हाय."

मला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. बाबांना मधुमेह आहे. गोळी घ्यायची आणि वर जेवायचं नाही, म्हणजे साखर खाली येणार हे त्यांनाही ठाऊक. याआधी एकदा असेच विहिरीच्या काठावर चक्कर येऊन बसले होते. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. मी घरून काम करण्याची परवानगी पदरात पाडून घेतली, लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि पनवेलहून एसटी पकडली. मला तसंही एका जागी बसवत नाही. माणगाव येईपर्यंत मी मावशींना इतके फोन केले की त्यांनी उचलणंच सोडून दिलं.

कासव खरं तर माझ्या भावाचं. बशीएवढं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मुंबईत हौसेने आणलेलं. उन्हाळ्यात भावाची बंगलोरला बदली झाली, तेव्हा "तुमच्याकडे जागा आहे, विहीर आहे" म्हणत त्याने ते बाबांच्या गळ्यात मारलं. बाबा जाम वैतागले. "आता या पाहुण्यांची सरबराई मी करायची?" त्यावरून त्याला पाहुणेच म्हणायला लागले. पण एकटा माणूस किती दिवस वैतागणार? हळूहळू थट्टेचा नेम झाला. पाहुण्याच्या आधी यजमानाने जेवायचं नाही ही आमच्या घरची जुनी रीत. बाबा दुपारी विहिरीजवळच्या दगडी डोणीशी, पाहुण्यांच्या पाण्याच्या टाकीशी, जायचे, दुधीचे तुकडे टाकायचे, पाहुण्यांनी दोन घास खाल्ले की मगच पानावर बसायचे. थंडी सुरू झाली तसे पाहुणे खाईनासे झाले.

मी पोचले तेव्हा बाबा ओटीवर बसले होते. सदरा खांद्यावरून ओघळत होता.

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

"मग जेवा ना."

"ते उपाशी आणि मी जेवू?"

"बाबा, ते कासव आहे."

"मला माहीत आहे कासव आहे ते. वेड नाही लागलेलं मला."

हे बोलून त्यांनी भात चिवडला, ताकाचा एक घोट घेतला आणि उठले. मी चिडून सगळं ताट तसंच झाकून ठेवलं. मग माझंही जेवण झालं नाही, हे रात्री भूक लागल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कासवाच्या मागे हात धुऊन लागले. पालक, केळं, गाजराचा कीस, उकडलेलं अंडं. मावशींनी पदराआडून जवळा आणला. सुकी मासळी आमच्या परसात पहिल्यांदाच आली असेल. बाबांना वास आला, ते उठून पुढच्या दारी जाऊन बसले. पाहुण्यांनी जवळ्याकडेही पाहिलं नाही. मान आत, पाय आत, डोळे अर्धवट मिटलेले. मी दर थोड्या वेळाने लॅपटॉप सोडून डोणीशी पळायची. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? "पाहुणे आहेत," मी बोलून गेले. शेवटी तर काडीने तोंड उघडून भरवावं असंही डोक्यात आलं. हातात काडी घेऊन उभीही राहिले होते. बाबा ओरडले म्हणून वाचलं बिचारं.

मग गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "मी गाईम्हशींचा. कासव माझ्याकडे हे पहिलंच." त्यांनी नाक पाहिलं, डोळे पाहिले, श्वास ऐकला आणि पुण्याला असले प्राणी बघणाऱ्या मित्राला फोन लावला. तो तिकडून विचारायचा, डॉक्टर आम्हाला विचारायचे.

"ऊन मिळतं का याला?"

"छे!" मी अगदी अभिमानाने सांगितलं. "उन्हाची तिरीपसुद्धा लागू दिलेली नाही. गर्द सावलीत असतं."

डॉक्टरांनी ते फोनवर सांगितलं, पलीकडचं ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तिथेच चुकलं."

याला चढून अंग शेकायला कोरडा दगड लागतो, रोज ऊन लागतं. अंग गार राहिलं तर पचत नाही, पचत नाही म्हणून खात नाही. जबरदस्तीने भरवायचं नाही. डोणीऐवजी टबात ठेवायचं, अर्ध्या टबावर सावली हवी, आणि कावळे, मुंगूस यांच्यापासून राखायला शेजारी माणूस बसलेलं हवं. आम्हा सुपारीच्या वाडीवाल्यांना हे कुठून सुचावं! आमच्याकडे ऊन असतं ते सुपारीसाठी. अंगणात मांडव, मांडवावर सुपारी वाळत घातलेली, खाली आम्ही गारव्यात. पोफळींची सावली हेच आमचं ऐश्वर्य, म्हणून पाहुण्यांना दिली तीही सर्वांत गार जागा. सकाळी त्या डोणीतलं पाणी हाताला झोंबायचं.

ऊन आता एकाच ठिकाणी होतं. चक्रीवादळाने वाडीचा समुद्राकडचा पट्टा आडवा केला होता, तिथे. नवी रोपं गडी लावून गेले, पण बाबांनी त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. मी त्यांना न विचारताच धुण्याचा टब घेतला, त्यात पाणी, दगड आणि पाहुणे घातले आणि तिकडे नेऊन ठेवला. बाबा मागोमाग आले ते शेवटच्या उभ्या पोफळीपर्यंत. "इथून दिसतं मला," म्हणाले.

टबाशेजारी मला बसवेना. उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसेना, रेंज येई आणि जाई. उठून नव्या रोपांच्या पाण्याचं बघ, परत ये, पुन्हा फोन. माझी पाठ वळली आणि टबाच्या काठावर कावळा उतरला. मी कानाला फोन लावून नुसती हातवारे करत राहिले. बाबा काठी उगारून सरळ धावत आले, या वयात, चप्पल न घालता. कावळा उडाला. बाबा धापा टाकत दगडावर बसले, आणि मग तिथेच बसायला लागले. रोज उन्हं वर आली की टोपी घालून हजर. इथे नारळ होता, इथून आजोबांनी लावलेली रांग सुरू व्हायची, असं कासवाला सांगत. मला कधी सांगितलं नव्हतं.

पाहुणे दगडावर चढले. मान बाहेर काढली, मागचे पाय लांब ताणले, बोटं फाकवली. तरी खाणं नाहीच. मी रोज डॉक्टरांना फोन करी, ते रोज "थांबा" म्हणत. माझ्याइतका थांबण्याचा राग कुणाला येत नसेल.

मग एका दुपारी बाबांनी हाक मारली. मी धावले. पाण्यात दुधीचा तुकडा हलत होता. पाहुण्यांनी तो पकडला, पायाने फाडला आणि गिळला. मग दुसरा. मला रडू यायला लागलं, ते लपवायला मी घराकडे पळाले. मावशींना म्हटलं, वाढा. गरम भात, वरण, तूप, वालाचं बिरडं. ताट घेऊन मीच वाडीत गेले.

"घ्या. पाहुणे जेवले."

बाबांनी ताट मांडीवर घेतलं. तूप भातात मुरत गेलं तरी हात पुढे होईना.

"आता काय झालं?" मी जवळजवळ ओरडलेच. "खाल्लं ना त्याने? तुमच्यासमोर खाल्लं!"

"खाल्लं." ते टबाकडे बघत होते. "ते खायला लागलं. आता मी जेवलो की तू निघशील."

फोन माझ्या हातात होता. सोमवारी हजर होईन, असं मी सकाळीच ऑफिसला कळवून टाकलं होतं. नाही हो, राहते, असं म्हणणं सोपं होतं. बाबांना ते खरं वाटलं नसतं, आणि ते खरं नव्हतंही.

"निघणार," मी म्हटलं. "सोमवारी."

त्यांनी मान हलवली. मग पहिला घास घेतला. इतका सावकाश चावला की मला नेहमीसारखं उठून काहीतरी करावंसं वाटलं. मी फोन खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी मातीत बसले. बाबा एकेक वाल निवडून खात होते. ऊन सरकत टबावरून आमच्या पायांवर आलं, तरी त्यांचं ताट अर्धंच झालं होतं, आणि मी त्यांना घाई केली नाही.