सुईचं टोक

आमच्या कामतघरच्या चाळीत गोधड्या शिवणाऱ्या एक मावशी होत्या. मशीन कशी असावी यावर त्यांचं मत न विचारताच मिळायचं. "कापड दाबायची पट्टी उंच उचलली पाह्यजे, तिच्याखालनं चार पदर सरकले पाह्यजेत. आन् मोटर नको. आपला पाय थांबला की मशीन थांबली पाह्यजे!" बोलताना हात मशीनच्या चाकावरच.

बहिणीच्या बाळाच्या बारशासाठी मी त्यांना गोधडी शिवायला दिली होती. न्यायला गेले तेव्हा शेवटची शिवण चालली होती आणि सुई मोडली. शेजारच्या कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात आवाज आला नाही, पण मावशींचा पाय जागीच थांबला. तुकडे त्यांनी तळहातावर जुळवून पाहिले. टोक नव्हतं.

जमीन झाडून झाली, तरी ते सापडलं नाही. मला बारशाला न्यायला बाहेर टांगा उभा होता.

"पडलं असेल कुठंतरी. द्या ना, मावशी."

"न्हाय."

मला त्यांचा रागच आला. त्यांनी गोधडी खाटेवर पसरली, बोटं फिरवली आणि बोटांकडंच चिडून बघितलं. "शिवून शिवून मेली हाईत ही. काय कळत न्हाय यांना."

मग गुडघे टेकून त्यांनी गोधडीवर गाल ठेवला आणि दाबत, हळूहळू कडेपासून फिरवत नेला. मधोमध, बाळाचं डोकं टेकलं असतं तिथं, त्या थांबल्या.

"गावलं," म्हणाल्या, आणि रक्ताचा डाग गोधडीला लागू नये म्हणून पटकन गाल उचलला.