देवळीतला अजगर

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही तुमच्या मालिकेतला ड्रॅगन दाखवलात आणि मी एकदम झरीच्या आमच्या घरात जाऊन पोचले. तेव्हा मी परभणीला बी.ए.ला इंग्रजी शिकत होते. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका जाड पुस्तकाने मला वेड लावलं होतं. त्यातला ड्रॅगन मी निळ्या शाईने काढला आणि भिंतीतल्या रिकाम्या देवळीत ठेवला. बौद्ध झाल्यावर माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, तिथले देव नदीत सोडले होते. मला ते आठवलंही नाही. तिथे उजेड चांगला पडायचा, एवढंच.

दुपारी दादा शेतातून आले, तर चित्रापुढे झेंडूचं ताजं फूल!

"कोणता देव आणलास गं हा?"

"देव न्हाई दादा, उडणारा अजगर हाय. पुस्तकातला. खोटा."

"खोट्याला फूल वाहायलीस? याच्यासाठी कॉलेजात घातलं व्हय?"

आता माझं कॉलेज सुटणार, असंच मला वाटलं. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली त्यांची आई म्हणाली, "तिला कशाला बोलतूस? म्या ठेवलं. लय दिवस जागा रिकामी दिसायली."

दादा देवळीपाशी गेले. त्यांनी फूल उचललं. "चित्र राहू दे. उद्याची बस चुकवू नको," मला म्हणाले आणि बाहेर पडले.

मी दारातून पाहत होते. वाटेत उकिरडा होता. तिथे ते थांबले, फूल सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि पुढे गेले. का, ते मला अजून कळलेलं नाही.