पाचवं पान

शिराळ्याकडचं आमचं गाव तेव्हा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होतं आणि सांगली शहर संस्थानाच्या हद्दीत. लुगडं नेसले म्हणून थोरल्या भावानं मला चाबकानं फोडलं, तेव्हा मी हद्द ओलांडली. सांगलीत यल्लम्माच्या जोगतिणींनी ठेवून घेतलं. त्यातल्या बऱ्याच माझ्यासारख्या, मुलगा म्हणून जन्मलेल्या. म्होरकीला आम्ही अव्वा म्हणायचो. पाणी, सरपण, मंगळवारी-शुक्रवारी जोगव्याला कुणी कुठल्या गल्लीत जायचं, सगळं मी बघायची. मारायला कुणी येत नव्हतं. पण आई नव्हती.

लढाई संपली. पलटणीत गेलेला तोच भाऊ सुखरूप परतला. आईनं नवस बोलला होता, पोरगा आला की पाच जोगतिणी जेवू घालीन. निरोप अव्वाकडे आला. आमच्यातली एक तापानं पडली होती. कुणी कुठं जायचं हे मीच ठरवत असे. पाचवी म्हणून मी स्वतःला नेमलं.

भावानं दारातच ओळखलं. "ह्ये ध्यान आत येणार न्हाई."

अव्वा म्हणाली, "मग चौघीच जेवतो की. नवस फिटंल का न्हाई, ते तुमी आन् देवी बघा."

जर्मनाला न भ्यालेला माणूस देवीला भ्याला. कडेला सरकत म्हणाला, "पाचवी म्हणून बस. घरची म्हणून न्हवं."

पाच पानं वाढली. पहिल्या घासाआधी नवस बोललेल्या बाईनं प्रत्येक जोगतिणीच्या पाया पडायचं असतं. आई चौघींच्या पडली. माझ्यापुढं वाकली तेव्हा मी पाय ओढून घेतले.

"पोटच्या पोरीच्या पाया पडतीस व्हय?"

"जोगतीण हाईस, जोगतिणीवानी बस!" भाऊ ओरडला.

"एकदा लेक म्हण, आई. मग खुशाल पाय धर."

आईनं भावाकडं बघितलं. मग, दारावर आलेल्या कुणालाही म्हणावं तसं म्हणाली, "जेवा बाई."

मी उठले. त्या दोन शब्दांचा संताप अजून जात नाही. भावाला मी नकोच होते, त्याचं सरळ होतं. आईला मी हवी होते, पण पाचाची भरती करायला! त्याच्या जिवासाठी नवस. मी जिवंत आहे का, हे तरी कधी कुणाला विचारलं होतं तिनं?

एक उठली की पंगत उठते. चौघींनी पानाला हात जोडले आणि उठल्या.

भाऊ मागं धावला. "आवं अव्वा, बसा! देवी कोपंल."

"आमच्या पोरीला उपाशी उठवलंस, तवाच कोपली."

गाव मागं पडताच अव्वा माझ्यावर उखडली. "घास तरी घ्यायचा हुतास गं! पुरणपोळी हुती, लय दिसांनी."

शिराळ्यात मी चुरमुरे घेतले, पाच वाटे केले. माझा मी अव्वाकडं सरकवला. शिव्या देत देत तोही अव्वानंच खाल्ला.